पाचव्या भागातली सोळा पानं

आमच्या भरे गावात त्या कादंबरीमालिकेच्या खऱ्या जाणकार दोघीच होतो, मी आणि माझी मैत्रीण. आणि आम्ही दोघींनी ती चुकीची पाठ केली होती. हे मला कळलं तेव्हा मी सतरा वर्षांची होते आणि पुण्यात मुलींच्या वसतिगृहातल्या खाटेवर मांडी घालून बसले होते. त्या दिवसाची आठवण आली की अजून माझे कान गरम होतात.

मालिकेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिचे भक्त अजून जिवंत आहेत आणि ते भांडखोर आहेत. बारा भाग होते. एक राजपुत्र, त्याला वाढवणारी दाई, आणि तळ्याच्या पाण्याखाली बुडालेलं त्याचं राज्य. लेखकानं मुळशीचं धरण पाहिलेलंच असणार अशी आमची खात्री होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्याकडे जुन्या गावांच्या भिंती वर येतात, पुस्तकातही अगदी तस्संच होतं. आम्ही एका बियाण्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर त्या राज्याचा नकाशा काढला होता आणि सगळी अंतरं एसटीनं मोजली होती. राक्षसाचा किल्ला ते तळं म्हणजे पौड ते पिरंगुट, असं.

हे बारा भाग पौडच्या एका छोट्या वाचनालयात कुणीतरी सुट्टे, दोरीनं बांधून देणगी दिले होते. ते बांधणीसाठी गेले माझ्या मैत्रिणीच्या वडिलांकडे. ते पौडला कचेरीत शिपाई होते आणि जुने कागद शिवून त्यांचे गठ्ठे करणं हे त्यांचं काम होतं. कुठल्या गावचा कागद कुठं लागला पाहिजे हे त्यांना विचारावं लागत नसे. साहेब बदलत, पण कागद हरवला की हाक त्यांनाच. वाचनालयाची पुस्तकंही ते घरी आणून शिवत. खळ घरी शिजवत, दोरा मेणातून ओढून घेत. बारा भागांचे त्यांनी चार ठोकळे केले, तीन-तीन भागांचा एक, वर लाल कापड. तसले देखणे ठोकळे त्या वाचनालयात दुसरे नव्हते.

त्याच वर्षी माझ्या मैत्रिणीची आई गेली होती. आम्ही तेव्हा सहावीत होतो. आईला पोटाचं काहीतरी झालं, वडील तिला पुण्याच्या दवाखान्यात घेऊन गेले, आणि पंधरा दिवसांनी ते एकटेच एसटीतून उतरले. सगळं तिथंच उरकलं होतं. मुलीला न्यायला कुणी आलं नव्हतं, ती आत्याकडे होती. ती रडली नाही. कुणी जवळ घेतलं तर अंग आखडून उभी राहायची आणि सुटली की भांडी घासायला बसायची. आमच्या घरात बायका म्हणायच्या, पोरीचं काळीज घट्ट हाय. मला तेव्हाही ते पटलं नव्हतं, पण दुसरं काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं.

सातवीत आम्ही पहिला ठोकळा आणला. मग तीन-चार वर्षं आम्ही दुसरं काही केलंच नाही म्हटलं तरी चालेल. पंधरा दिवस तिच्या नावावर, पंधरा दिवस माझ्या नावावर. वाचायचं बौद्धवाडीत तिच्या ओट्यावर, कारण आमच्या घरी पुस्तक हातात दिसलं की कुणीतरी हमखास काम सांगायचं. आम्ही कामं वाटून घेतली होती. माणसं तिच्याकडे, जागा माझ्याकडे. कोण कुणाचा मामा, कुणाच्या कपाळावर व्रण, कोण काय खाऊन मेलं, हे ती सांगायची. वाटा, नद्या, दरवाजे, किती पायऱ्या, हे मी. शाळेच्या एसटीत परीक्षा चालायची. "राक्षसाच्या दाराला कड्या किती?" "सात, पन एक तुटकी." चुकेल तिनं फाट्यापासून घरापर्यंत दोघींची दप्तरं न्यायची. बहुतेक वेळा ती मीच न्यायचे.

लेखकाच्या चुकाही आम्हाला पाठ होत्या, फक्त त्या चुका आहेत हे आम्हाला मान्य नव्हतं. तिसऱ्या भागातला पांढरा घोडा आठव्यात कबरा होतो. मी म्हणायचे, धुळीनं. ती म्हणायची, "वय झालं त्याचं, माझ्या आत्याचे केस न्हाई का झाले." तिचं उत्तर चांगलं होतं हे मी त्या वेळी कबूल केलं नाही.

आता त्या सोळा पानांबद्दल. चौथ्या भागाच्या शेवटी दाई मरते. विष राजपुत्रासाठी असतं, ते ती पिते. पाचव्या भागात राजपुत्र तळ्याकाठी एकटाच फिरतो आणि चौसष्टाव्या पानाच्या शेवटी त्याचा डोळा लागतो. पान उलटलं की दाई समोर. जिवंत. चुलीपुढं बसलेली. "ऊठ रे, भाकरी गार होतेय," म्हणते, त्याच्या फाटक्या बाहीवरून त्याला बोलते, विहिरीवर नेते, केसांत तेल घालते. मेल्याचा, विषाचा एक शब्द नाही. अशी सोळा पानं. मग राजपुत्राला जाग येते, तळं असतं, दाई नसते. आणि गंमत म्हणजे त्या सोळा पानांवरचे आकडे पासष्टपासून पुढे नव्हते. चौसष्टनंतर तेहेतीस यायचं, अठ्ठेचाळीसपर्यंत जायचं, आणि मग पुन्हा पासष्ट.

कुणीही शहाण्या माणसानं हे बघून काय ते ओळखलं असतं. आम्ही शहाण्या नव्हतो, आम्ही भक्त होतो. आम्हाला वाटलं, काय लेखक आहे. मेलेलं माणूस परत आलं की काळ मागे जातो, हे दाखवायला त्यानं आकडेसुद्धा मागे नेले. शिवाय दुसऱ्या भागात बत्तीसनंतर एकदम एकोणपन्नास होतं, मधली पानंच नाहीत. तिथं राजपुत्रावर झोपेचा मंत्र पडलेला असतो, म्हणून त्याला दिसलं नाही ते आपल्यालाही दिसत नाही, असा अर्थ आम्ही आधीच लावला होता. आता तर हिशेब चोख बसला. झोपेत गमावलेली सोळा पानं त्याला झोपेतच परत मिळाली. हा शोध माझा होता. तो लागला त्या दिवशी मी फाट्यापासून घरापर्यंत पळत गेले होते.

तिला मात्र ती पानं वाचून रडू फुटलं. आई गेल्यावर पहिल्यांदाच. ओट्यावर, भर दुपारी, तोंडावर ओढणी धरून. तिचे वडील आतून आले, दारात थांबले, आणि परत आत गेले.

दहावीला ती आमच्या वर्गात पहिली आली, मी सातवी. मी अकरावीला पुण्याला निघाले आणि ती निघेना. वडील, तिचे आबा, तयार होते, वसतिगृहात जागा मिळत होती, शाळेच्या बाई घरी येऊन सांगून गेल्या. ती म्हणायची, आबांच्या भाकरीचं काय. आबा म्हणायचे, मी थापीन की माझी. तरी नाही. खरं कारण तिनं एकदाच, फक्त मला सांगितलं, नदीवर धुणं धुताना.

"आई आली आन् दाराला कडी असली तर?"

मी हसले. "येडी हायेस का?"

"सोळा पानांपुरतीच येईल की," ती म्हणाली. "तेवढ्यात मी पुन्याला असले तर?"

ती चेष्टा करत नव्हती. मी कपडा पिळता पिळता थांबले. ही मुलगी भूत मानत नव्हती, देवऋषी मानत नव्हती. त्यांच्या घरात कावळ्याला घाससुद्धा ठेवला नव्हता, वडिलांचा तसला शिस्तीचा बौद्ध बाणा. बाकी कुठं अंधश्रद्धा शिरू दिली नाही आणि पुस्तकातून शिरली. पण खरं सांगायचं तर मी तिला खोडून काढलं नाही. कसं काढणार? आकडे मागे जातात हे मीच शोधून काढलं होतं. मी एकटी पुण्याला गेले, आणि वर्षभर दर शनिवारी येऊन तिला म्हणत राहिले की पुढच्या जूनला तरी चल.

पुढचा जून आला. माझ्या खोलीत पुण्याजवळचीच नवी मुलगी आली, आणि तिसऱ्याच दिवशी कळलं की तीही आमच्याच पंथाची. मला इतका आनंद झाला की मी तिला झोपू देईना. ती बरी होती, पण नुसती बरी. कड्यांचा आकडा तिला आठवेना. मी नाक वर करून एकामागून एक विचारत सुटले आणि शेवटी माझं ब्रह्मास्त्र काढलं. दाई परत येते तेव्हा पानांचे आकडे मागे का जातात?

"परत कुठं येते?" ती म्हणाली. "चौथ्यात मेली ना ती."

"पाचव्यात येते. सोळा पानं."

"अगं, नाही येत."

आवाज चढले. शेजारच्या खोलीतल्या दोघी दारात आल्या, त्यांनीही ती मालिका वाचलेली. त्या हसायला लागल्या. मुळशीची आवृत्ती वेगळी असते वाटतं, एक जण म्हणाली. मी शपथेवर सांगत होते, पानांचे आकडे सांगत होते, वाक्यं म्हणून दाखवत होते. नवी मुलगी जरा गंभीर झाली. वाक्यं बरोबर आहेत, म्हणाली, पण ती दुसऱ्या भागातली आहेत.

दोन दिवसांनी तिनं घरून दोन्ही भाग आणले. दुसऱ्या भागात बत्तीसनंतर तेहेतीस होतं. ऊठ रे, भाकरी गार होतेय. तिथंच, आपल्या जागी, दाई अजून मरायचीच होती, राजपुत्र लहान होता, आणि ती एक रोजची सकाळ होती. पाचव्या भागात चौसष्टनंतर पासष्ट. राजपुत्राचा डोळा लागतो आणि जाग येते. मध्ये काही नाही, कोरी जागासुद्धा नाही.

मी सुन्न झाले. मग आमच्या ठोकळ्यांतून आणखी काही गळलं असेल म्हणून तिचे बाकीचे भागही मागवले आणि बाराव्यापर्यंत सगळं चाळून काढलं. दाई कुठंच येत नव्हती. चार वर्षांचं पाठांतर, तो शोध, ते पळत घरी जाणं, सगळं एका चुकीच्या टाक्यावर उभं होतं. आणि हसलेल्या मुली अजून हसत होत्या. त्या शनिवारी मी पौडच्या एसटीत बसले ती संतापानंच. कागद ओळखणारा एवढा हुशार माणूस, आणि सोळा पानांचा अख्खा फर्मा, एकत्र छापून घडी घातलेला जुडगा, भलत्याच भागात शिवतो? मला स्वतःचं समर्थनही सापडलं होतं. हे कळलं की ती सुटेल, माझ्याबरोबर पुण्याला येईल, असं मी फाट्यापर्यंत स्वतःला सांगत होते. ते खोटं नव्हतं. पण माझा अपमान कुणाच्या तरी पदरात घालायचा होता, हेही तितकंच खरं.

ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. पिशवी खांद्यावरून न उतरवताच मी सगळं सांगून टाकलं. दुसरा भाग, पाचवा भाग, बत्तीस, तेहेतीस. तिनं सूप खाली ठेवलं.

"येत न्हाई?"

"न्हाई."

"पुढं कवाच?"

"बाराव्यापत्तुर न्हाई. मी बघितलं."

तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा मला समजलं की मी काय केलं होतं. मला वाटत होतं, ती अर्धं खरं मानते, अर्धं खेळ. तिचा खेळ नव्हताच. तेवढ्यात सायकल टेकवल्याचा आवाज आला. शनिवार, कचेरी लवकर सुटलेली. तिचे वडील टोपी काढत ओट्यावर आले, मला म्हणाले, "कवा आलीस ग?"

मी उत्तर द्यायच्या आत तिनं विचारलं, "आबा, पाचव्या भागात पानं चुकीची शिवलीत का तुमी?"

मला त्यांची दया आली. माणसाचं नाव ज्या कामावर, त्याच कामातली चूक पोरीनं परक्या पोरीसमोर काढायची. मी सावरायला गेले, म्हटलं, "काका, गडबडीत व्हतं असं."

ते टोपी हातात घेऊन उभे होते. "गडबड नव्हती," ते म्हणाले. "चुकून न्हाई शिवली."

 ते खाली बसले आणि जमिनीकडे बघत बोलले. सुट्टे भाग घरी आले तेव्हा शिवता शिवता त्यांनी ते वाचून काढले होते. आपली पोर हे वाचणार आणि तिच्यासमोर ती बाई मरणार, हे त्यांना चौथ्या भागातच कळलं. मरण काढता येईना. पुढचं-मागचं तुटलं असतं. म्हणून त्यांनी दुसऱ्या भागातला फर्मा उचलला, पाचव्यात राजपुत्र झोपतो ती जागा शोधली, जिथं वाक्य पुरं होतं आणि नवं सुरू होतं, आणि तिथं तो शिवला.

मला हे आधीच सुचायला हवं होतं. चुकून शिवलेला फर्मा वाक्याच्या मध्ये तुटतो. आमचा कुठंच तुटत नव्हता. पुण्यात ती दोन्ही पुस्तकं मांडीवर घेऊन मी तासभर बसले होते आणि मला माझ्या अपमानापलीकडे काही दिसलं नव्हतं. सरकारी कागदाचं एक पान ज्यानं कधी इकडचं तिकडं होऊ दिलं नाही, त्यानं हे केलं होतं, जाणूनबुजून, वाचनालयाच्या पुस्तकात.

"तू रडत नव्हतीस," ते तिला म्हणाले. "लोकं म्हनायची, पोर दगड झाली. ती पानं वाचून तू रडलीस. मी दारातून बघितलं. मला वाटलं, झालं काम. मोकळी झाली."

तिनं खाली ठेवलेलं सूप उगाच सरळ केलं. मग म्हणाली, "मी त्यासाठी न्हाई रडले, आबा. आई येनार हाय हे कळलं म्हनून रडले."

त्यांना ते कळायला एक क्षण लागला. मग कळलं. मी मोठ्या माणसाचा चेहरा असा पडलेला तोपर्यंत पाहिला नव्हता.

"म्हनून पुन्याला न्हाई गेलीस?" त्यांनी विचारलं.

तिनं मान डोलावली.

"आपल्यात असलं मानत न्हाईत हे तुला म्हाईत हाय."

"व्हय. पन मी तिला बघितली न्हाई ना गेलेली. तुमी नुसते आलात आन् सांगितलंत." तिचा आवाज चढला नाही, तेच मला सहन होईना. "आन् मग पुस्तकात शिवून ठेवलंत की येतीया. मी कुनाचं खरं धरायचं?"

  मी आणलेलं सत्य माझ्यासमोर त्या घरात पडलं होतं आणि त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. शेवटी तीच बोलली. कुठं पोचवलं आईला ते मला दाखवा, म्हणाली. उद्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं पुण्याला गेलो. मलाही तिनंच बोलावलं. का, ते मी विचारलं नाही.  नदीकाठी स्मशानात वडील आधी चुकल्यासारखे इकडे-तिकडे फिरले. शेड नवीन झालं होतं, झाडं तोडली होती. मग एका बाजूला थांबून म्हणाले, "हितं. हिकडं डोकं व्हतं, नदीकडं पाय."

त्या मरणाबद्दल तिला कुणी सांगितलेलं हे पहिलं खरं वाक्य असावं. तिनं बरंच विचारलं. लुगडं कुठलं होतं. शेवटी काय बोलली. दुखत होतं का. ते एकेक सांगत गेले, काही लपवलं नाही. खूप दुखत होतं, हेही सांगितलं. मग ते हात जोडून हळू आवाजात त्रिशरण म्हणू लागले आणि दुसऱ्या ओळीपासून तीही म्हणू लागली. मधेच तिचा आवाज फुटला. वडिलांचा नाही फुटला, ते तिच्यासाठी पुढं म्हणत राहिले. मी चार पावलं मागे उभी राहून ढसाढसा रडत होते. माझ्या रडण्याचा तिथं काही उपयोग नव्हता, तरी ते थांबेना.

बाहेर रस्त्यावर आल्यावर तिनं नळावर तोंड धुतलं आणि मला विचारलं, "फॉर्म कवापत्तुर घेत्यात?"

कॉलेजची मुदत शुक्रवारी संपली होती. मी नव्या मुलीशी भांडत होते, पुस्तकं चाळत होते, तेव्हा. बघू, विचारते, होईल काहीतरी, असं सगळं माझ्या तोंडाशी आलं. तिच्या वडिलांनी माझ्याकडे बघितलं.

"शुक्रवारी संपली," मी म्हणाले.

तिनं ओढणीनं हात पुसले. "मग पुढच्या सालाला," ती म्हणाली, आणि वडिलांना म्हणाली, "आबा, चला, दुपारची गाडी चुकंल."